पासवर्डचं वाटण आणि पायाखालचा पाट

मुलांनो, मालवणच्या बंदरावरून होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना लांबलचक तटबंदी दिसते. पण दरवाजा? तो काही दिसत नाही! बुरुजांच्या आड तो असा लपवलाय, की अगदी जवळ गेल्यावरच सापडतो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा दाराची केवढी काळजी घेतली बघा!

याची आठवण झाली ती चतुर्थीला. माझे दोन भाचे पुण्यात सॉफ्टवेअर तयार करतात. गणपतीला गावी आले, पण काम काही सुटेना. पडवीत बसून सारखं ‘लॉगिन’ आणि ‘पासवर्ड’ चाललेलं. शेवटी मी म्हटलं, "माका पण सांगा रे!"

"मावशी, वेबसाइट म्हणजे किल्लाच," थोरला म्हणाला. "आपण नाव सांगितलं की पहारेकरी विचारतो, कशावरून? मग परवलीचा शब्द सांगायचा. तोच पासवर्ड."

"म्हणजे सगळ्यांचे शब्द त्याच्याकडे लिहिलेले असतात?"

"छे! तोच तर धोका. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ॲलन शेर या संशोधकाला संगणकावर जास्त वेळ हवा होता. त्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली!"

धाकट्याने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे ताई वाटण वाटत होती. "त्या वाटणातून पुन्हा अख्खी मिरची काढता येईल? नाही ना! तसाच पासवर्ड गणिती रीतीने ‘वाटून’ ठेवतात. तू पुन्हा पासवर्ड टाकलास की तोही वाटतात आणि दोन्ही वाटणं जुळतात का, ते बघतात."

गंमत म्हणजे वाटण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात निराळी अक्षरं मिसळतात. त्यांना म्हणतात ‘सॉल्ट’, म्हणजे चक्क मीठ! त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला, तरी वाटण वेगळं होतं.

पण आतल्याच माणसाने दार उघडलं तर? आमच्या वाडीतल्या एका काकांनी फोनवरच्या गोड बोलण्याला भुलून ओटीपी सांगितला. मासेमारीच्या अख्ख्या हंगामाची कमाई गेली. आणि माझा पासवर्ड? लेकीचं नाव आणि जन्मसाल! भाच्यांनी कपाळावर हात मारला. त्याच दिवशी मी तो बदलला. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द जोडून चांगला लांबलचक केला.

इतक्यात थोरला "आई गं!" म्हणत मान चोळू लागला. सव्वीस वर्षांचा मुलगा! लॅपटॉप ठेंगण्या स्टुलावर आणि मान दिवसभर खाली. आपलं डोकं जवळजवळ पाच किलोंचं. मान जितकी वाकते, तितका तिच्यावरचा ताण वाढतो.

आता शिकवायची पाळी माझी! त्याला टेबलाशी बसवलं. लॅपटॉपखाली तांदळाचा डबा ठेवला, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर आली. कीबोर्ड वेगळा जोडला. कोपर काटकोनात, पाठीला टेकू. पाय लोंबत होते, म्हणून खाली पाट दिला. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांवरच्या माडाकडे बघायचं आणि मधूनमधून उठून चार पावलं चालायचं.

मुलांनो, अभ्यासाला बसताना तुम्हीही पायाखाली पाट घेऊन बघा बरं. आणि आजच आई-बाबांना सांगा, "ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हं!" किल्ला कितीही मजबूत असला, तरी दार सांभाळायचं आपणच. आणि दार सांभाळणाऱ्याची मानही ताठ हवी, नाही का?