सार्वजनिक ग्रंथालयातील संगणक आणि त्यांच्या वापराचे नियम : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

ग्रंथालयाच्या भिंतीवर लावलेली नियमावली पाळावी किंवा मोडावी, एवढाच विचार सामान्यतः केला जातो. ती कोणत्या कारणाने सिद्ध झाली, हे क्वचितच विचारले जाते. वस्तुतः नियमाचे बळ त्याच्या कारणात असते. सार्वजनिक ग्रंथालयात आंतरजालाची सोय असलेले संगणक वाचकांना उपलब्ध करून देताना जे नियम केले जातात, त्यांची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथमतः एका आक्षेपाचा विचार करू. मोबाईलवर आंतरजाल उपलब्ध असता ग्रंथालयाने संगणक कशासाठी ठेवावेत, असे विचारले जाते. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ इतकी होती. लोणार, सिंदखेडराजा किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा वा स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरावयाचा असतो, दाखल्यांच्या प्रती ठराविक आकारात जोडावयाच्या असतात, आणि शेवटी पावती छापून घ्यावयाची असते. हे काम लहानशा पडद्यावर करणे कष्टाचे असते. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याच्यापुढे पैसे मोजून खासगी दुकानात जाणे किंवा ग्रंथालयात जाणे हे दोनच मार्ग उरतात. म्हणून येथील प्रत्येक नियम एखाद्याची संधी राखतो किंवा घालवितो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यानुसार मान्यता व अनुदान मिळालेली बहुतेक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवितात. सेवकवर्ग थोडा आणि मानधन अल्प, ही त्यांची नित्याची स्थिती होय. यास्तव नियम मोजके आणि एकाच सेवकास पाळून घेता येतील असे असणे अगत्याचे आहे.

पहिला नियम वेळेचा. समजा, एका ग्रंथालयात ४ संगणक आहेत आणि ते दिवसाचे ८ तास उघडे असते. प्रत्येकास अर्धा तास दिल्यास दिवसात ६४ वाचकांची सोय होते; एक तास दिल्यास ३२ जणांचीच. वरवर पाहता अर्ध्या तासाची मर्यादा अधिक न्याय्य वाटते. परंतु अर्ज भरण्यास पन्नास मिनिटे लागत असतील, तर अर्ध्या तासाने उठविलेल्या वाचकाचे काम अपुरे राहते आणि त्यास पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. म्हणजे त्या ६४ पाळ्यांपैकी कित्येक वाया जातात. वाचकाचा वेळ वाचविणे हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथ्या सूत्राचे तात्पर्य आहे. ते येथे लावले असता, रांगेत कोणी नसेल तर मुदत आपोआप वाढावी, आणि अर्जाच्या अंतिम दिवशी अर्ज भरणाऱ्यास प्राधान्य असावे, असा नियम निष्पन्न होतो.

दुसरा नियम ओळखपत्राचा व नोंदवहीचा. हाच सर्वांत वादग्रस्त होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली झाला व त्याखाली सायबर कॅफेंसाठी २०११ साली नियम करण्यात आले. त्यांनुसार ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे, त्याचे नाव, पत्ता, संगणकाचा क्रमांक आणि येण्याजाण्याची वेळ नोंदविणे, आणि ती नोंद किमान एक वर्ष जतन करणे बंधनकारक आहे. पाहिलेल्या संकेतस्थळांचा तपशीलही तितकाच काळ ठेवावा लागतो. हे नियम ग्रंथालयास लागू होतात काय? अधिनियमातील व्याख्या व्यवसायाच्या नित्यक्रमात लोकांना आंतरजालाची सोय देणाऱ्या स्थळाची आहे. ग्रंथालय हा व्यापार नव्हे, असे म्हटल्यास ते या व्याख्येबाहेर राहते. परंतु तासाला शुल्क आकारणाऱ्या ग्रंथालयाविषयी तसे निःशंकपणे म्हणता येणार नाही. तेव्हा ओळखपत्र पाहून नाव, संगणकाचा क्रमांक व वेळ नोंदविणे हे विवेकाचे ठरेल.

तथापि नोंद कशाची करावी याइतकाच ती कोणी पाहावी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ग्रंथ देवघेवीच्या दोन पद्धती परिचित आहेत. नेवार्क पद्धतीत ग्रंथपत्रिकेवर वाचकाचा क्रमांक कायम राहतो. ब्राउन पद्धतीत ग्रंथ परत येताच वाचकाची पत्रिका वाचकाकडे जाते आणि कोणी काय वाचले याची खूण मागे उरत नाही. कोणी काय वाचले हे गुप्त राखण्याची ग्रंथपालाची परंपरा संगणकासही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केल्यानंतर त्या परंपरेस घटनात्मक आधारही लाभला आहे. एखादी स्त्री आपल्या आजाराविषयी शोध घेत असेल, तर तो तपशील गावात चर्चिला जाऊ नये. म्हणून नोंदवही टेबलावर उघडी न ठेवता कुलपात असावी, कायदेशीर अधिकार असलेल्या अधिकाऱ्याखेरीज कोणास दाखवू नये, आणि मुदत संपताच नष्ट करावी.

तिसरा नियम काम संपताच खाते बंद करण्याचा. सार्वजनिक संगणकावर एकामागून एक अनेक जण बसतात. पहिल्याने परवलीचा शब्द जतन करून ठेवला, तर दुसऱ्यास त्याचे खाते अनायासे उघडता येते. दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वापरणे हा अधिनियमाच्या कलम ६६ग खाली तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असा गुन्हा आहे. परंतु गुन्हा घडल्यावर शिक्षा होण्यापेक्षा तो न घडणे बरे. प्रत्येक पाळीनंतर सर्व खुणा आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था संगणकातच करता येते. याच कारणास्तव सेवकाने वाचकास रीत समजावून द्यावी, मात्र त्याचा परवलीचा शब्द किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी स्वतः टंकित करू नये. पुढे तंटा उद्भवल्यास हे पथ्य दोघांचेही रक्षण करते.

चौथा नियम निषिद्ध मजकुराचा. अश्लील मजकूर पाहण्यास मनाई असावी याविषयी दुमत नाही, कारण वाचनकक्ष सर्वांचा असून तेथे मुलेही येतात. अडचण येते ती चाळणी लावताना. यंत्र केवळ शब्द पाहते. त्यामुळे अश्लील मजकुराबरोबर स्तनाच्या कर्करोगाची माहितीही अडविली जाण्याचा संभव असतो. अमेरिकेत संघराज्याचे विशिष्ट साहाय्य घेणाऱ्या ग्रंथालयांना चाळणी सक्तीची करणारा कायदा २००० साली झाला व २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. परंतु प्रौढ वाचकाने मागताच चाळणी दूर करता येते, ही गोष्ट त्या निर्णयात महत्त्वाची मानली गेली. आपल्या ग्रंथालयांनीही हा मार्ग अनुसरावा, आणि वाचकास कारण विचारू नये.

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, चांगला नियम दोन कसोट्यांस उतरतो. तो एका वाचकाचे दुसऱ्या वाचकापासून रक्षण करतो. आणि तसे करताना ग्रंथालयापासूनही वाचकाचे रक्षण करतो. पहिली कसोटी बहुतेक नियमावल्यांना ठाऊक असते, दुसरीचा मात्र विसर पडतो. जिल्ह्यातील ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी नियम लिहिताना प्रत्येकापुढे त्याचे कारण एका वाक्यात नमूद करावे. ज्या नियमाचे कारण असे लिहिता येत नाही, तो गाळावयास हरकत नाही.