ऊर्जेची मॉडेलं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात दिवेलागणीला छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातली दुकानं उजळतात, वरच्या मजल्यांवर कूलर सुरू असतात आणि छतांवरची सौर पॅनेलं मात्र थंडावलेली असतात. कार्बन उत्सर्जन कमी करण्याची धोरणं ज्या संगणकीय मॉडेलांच्या आधारे आखली जातात, त्यांची कसोटी याच वेळेला लागते. या मॉडेलांबद्दल सुशिक्षितांमध्येही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: ही मॉडेलं म्हणजे हवामानाचा अंदाज.
नाही. पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था वातावरण आणि समुद्राच्या भौतिकशास्त्रावर मॉडेल चालवते. ऊर्जेच्या मॉडेलाचा प्रश्न वेगळा असतो: मागणी किती, वीज कुठून आणायची आणि तिला खर्च किती?

गैरसमज: मॉडेल भविष्य सांगतं.
ते 'असं केलं तर काय होईल' एवढंच सांगतं. गृहीतक चुकलं की उत्तरही चुकतं. २०१० च्या सुमारास भारतात सौरवीज युनिटला दहा रुपयांहून महाग होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या लिलावात दर २ रुपये ४४ पैशांवर आला. इतकी झपाट्याची घसरण जगभरातल्या बहुतेक मॉडेलांनी धरलीच नव्हती. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. किमती आणि मागणी वरखाली करून अनेक शक्यता तपासाव्यात.

गैरसमज: मॉडेल जितकं गुंतागुंतीचं, तितकं अचूक.
माझ्या मते सर्वांत घातक समज हाच. महाराष्ट्रात लाखो कृषिपंपांना मीटर नाही, त्यांचं बिल अश्वशक्तीवर निघतं. शेतीला नेमकी किती वीज जाते हेच जिथे अंदाजाने ठरतं, तिथे कितीही समीकरणं मांडली तरी पाया कच्चाच राहतो. मराठवाड्यात तर विहीर आणि बोअरवरचा उपसा पावसानुसार बदलतो. म्हणजे हवी ती जास्त समीकरणं नव्हेत, तर नेमका तपशील: सरासरी वर्ष धरून दुष्काळी वर्षाचं नियोजन होत नाही. वर्षाच्या एकूण युनिटांवरून संध्याकाळची टंचाईही दिसत नाही. शेतीला दिवसा सौरवीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मोलाची आहे, कारण तिने उपसा उन्हाच्या तासांत येतो. पण तो लाभ मोजायचा तर मॉडेलात दिवसाचे तास वेगळे धरावे लागतात. शहराजवळच्या बिडकीनला येऊ घातलेल्या वाहन कारखान्यांची मागणीही त्यात हवी.

गैरसमज: हे काम परदेशी तज्ज्ञांचं, आपल्याला कळणारं नाही.
पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने 'रुमी' नावाची प्रणाली बनवली आणि ती सर्वांना खुली केली. तिच्यात शहर आणि खेडं, उत्पन्नगट, ऋतू आणि दिवसाचे तास यांनुसार मागणी वेगळी मांडता येते. गृहीतकं उघड असली की इतरांना ती तपासता येतात, चूक दाखवता येते. मॉडेल सुधारण्याची याहून भरवशाची वाट मला दिसत नाही.

वीजदर ठरवण्यापूर्वी राज्य वीज नियामक आयोग जनतेकडून सूचना-हरकती मागवतो. पुढच्या वेळी दरवाढीला विरोध नोंदवताना एक मागणी जरूर जोडा: मागणीचा अंदाज कोणत्या गृहीतकांवर काढला ते जाहीर करा, आणि पंपांना मीटर बसवा.