दम्याचा पंप टाकून देऊ नका, त्याचा त्रास टाळायला शिका

दमा हा आपल्या कष्टकरी समाजाच्या पाठीस लागलेला जुना आजार आहे. गिरणीचा कापूस, रस्त्याची धूळ, चुलीचा धूर, कोंदट खोल्या यांत आपल्या पिढ्या गेल्या. आज त्यावर श्वासाने ओढायचे चांगले औषध आहे. आपण त्याला 'पंप' म्हणतो. पण वस्तीत फिरताना आम्हाला दिसते ते असे की, पंप घरात असतो आणि तो घेतला जात नाही. कुणाला हात थरथरल्याने भीती बसते, कुणाचे तोंड येते. कुणी म्हणते, "एकदा लागला की सुटत नाही." मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हटले की पंप आधी ट्रंकेत जातो.

प्रथम हे समजून घेऊ की पंप दोन प्रकारचे असतात. एक तात्काळ आराम देणारा. त्यात बहुधा साल्बुटामॉल असते. ते आवळलेल्या श्वासनळ्या सैल करते. दुसरा रोज घ्यायचा. त्यात बुडेसोनाइडसारखे स्टेरॉइड असते. ते नळ्यांची आतली सूज उतरवते. त्याचा गुण एका दिवसात दिसत नाही, म्हणून लोक तोच आधी बंद करतात. सूज मात्र आत वाढत राहते आणि एखाद्या रात्री जिवावर बेतते. काही पंपांत दोन्ही प्रकारची औषधे एकत्र असतात. आपला कोणता, हे डॉक्टरांना विचारून डबीवर मराठीत लिहून ठेवावे.

साल्बुटामॉलने हात थरथरतात, छातीत धडधडते, कधी डोके दुखते. हा त्रास बहुधा थोड्या वेळात ओसरतो. शांत बसावे. परंतु हा पंप वरचेवर लागत असेल, तर तो दमा आटोक्यात नसल्याचा इशारा आहे. अशा वेळी फवारे वाढवत न बसता डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार असणाऱ्यांनी धडधड झाल्यास जरूर सांगावे.

स्टेरॉइडच्या पंपाने तोंडात पांढरे चट्टे येतात, घसा बसतो. कारण साधे आहे. औषधाचा बराच भाग फुफ्फुसात न जाता तोंडात व घशात चिकटतो. त्यावर उपायही बिनपैशाचा आहे. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरावी, घशापर्यंत गुळण्या कराव्यात आणि पाणी थुंकून टाकावे, गिळू नये. सकाळ-संध्याकाळ दात घासण्याआधी पंप घेण्याची सवय लावली, तर हे विसरत नाही. कवळी असल्यास तीही धुवावी. चट्टे आलेच तर त्यावर मिसरी चोळू नये. डॉक्टर बुरशीवरचे औषध देतात, त्याने ते जातात.

फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर नावाची प्लॅस्टिकची नळी लावली, तर तोंडात चिकटणारे औषध कमी होते आणि छातीत जास्त पोहोचते. लहान मुलांना तो मास्कसह लावावा व नंतर त्यांचे तोंड पुसावे. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा, फडक्याने घासू नये. तो परवडत नसेल, तर दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी 1999 साली दाखवून दिले की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा घरगुती स्पेसरही मुलांना उपयोगी पडतो. तो कसा करायचा, हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. पावडरच्या कॅप्सूलचा पंप मात्र स्पेसरशिवाय, जोरात व खोल श्वासाने ओढायचा असतो. ती कॅप्सूल गिळायची नसते.

आता 'स्टेरॉइड' या शब्दाच्या भीतीविषयी. थोडा हिशेब करू. दमा उसळल्यावर मोठ्या माणसाला गोळ्यांतून दिवसाला तीस-चाळीस मिलिग्रॅम स्टेरॉइड द्यावे लागते. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, आणि 1000 मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. औषधे वेगवेगळी असल्याने ही तुलना ढोबळ आहे, पण फरक किती मोठा आहे हे त्यावरून कळते. मुलांची उंची थोडी कमी राहू शकते, सुमारे एक सेंटिमीटर. पण आटोक्यात नसलेला दमाही मुलाची वाढ खुंटवतो व शाळा बुडवतो. मोठा डोस वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी डोळे व हाडे तपासून घ्यावीत. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच.

खरी भीती बाळगायची ती नाव-गाव नसलेल्या पुड्यांची. दम्याच्या अशा पुड्यांत छुपे स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. गंडेदोरे आणि मृगाला गिळायचा मासा यांनीही दमा बरा होत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीचा मार्ग दिला. औषधाच्या बाबतीत तो सोडू नये.

एका दमात वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील, पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. घरी चुलीचा धूर व विडी टाळावी. विहारात वंदनेच्या वेळी अगरबत्ती कमी लावावी किंवा दाराबाहेर लावावी. त्याने श्रद्धा कमी होत नाही.

भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. शेजारच्या दमेकऱ्याला पंप नीट घ्यायला शिकवणे, चूळ भरण्याची आठवण देणे, हीही त्याच वाटेवरची सेवा आहे. पंप लपवण्याची वस्तू नाही, हे आपल्या मुलींना आणि त्यांना पाहायला येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगू या.

जय भीम!