जुने चाक आणि नवे गिअर

बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेवरील आगगाडी १९३६ साली धावू लागली आणि आगाशी-अर्नाळ्याकडील वाड्यांना मुंबईची बाजारपेठ अधिक जवळ आली. वाडी व स्थानक यांमधील अंतर कापण्यास काळी, दणकट सायकल उपयोगी पडे. तिच्या चाकावर नवे गिअर बसवावेत काय, हा प्रश्न वरकरणी हौसेचा वाटतो. ओझे वाहणाऱ्यास मात्र तो सुरक्षिततेचा आहे.

प्रथमदर्शनी अडचण दिसत नाही. साखळीच्या लागोपाठच्या दोन खिळ्यांमधील अंतर जुन्या व नव्या साखळीत सारखेच, अर्धा इंच असते. इंग्रजी धर्तीच्या हबवरील आटेही १.३७ इंच व्यासाचे, इंचास २४ असे असल्याने पाच-सहा चक्रांचे फ्रीव्हील त्यावर चढते. भेद आहे तो रुंदीत. जुन्या साखळीची आतील रुंदी १/८ इंच, तर गिअरच्या साखळीची ३/३२ इंच. म्हणून नवी साखळी जुन्या जाड दात्यांवर बसत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट आसाची. एका चक्राच्या हबला मागील चिमट्यात सुमारे ११० ते ११४ मि. मी. जागा पुरते; पाच चक्रांस १२०, तर सहा-सात चक्रांस सामान्यतः १२६ मि. मी. लागते. पोलादी चिमटा बेताने फाकवता येतो व आसही लांब घालता येतो. तथापि उजवीकडील छऱ्यांची बैठक फ्रीव्हीलच्या आतील अंगासच राहते. तेथून चिमट्यापर्यंतचा आस निराधार होतो आणि ओझ्याखाली तोच वाकतो किंवा तुटतो. शिवाय रिम मध्यावर आणण्यासाठी उजवे आरे अधिक ताणावे लागतात, डावे सैल राहतात व चाक दुबळे होते. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ साली आणलेल्या फ्रीहबमध्ये ही बैठक आसाच्या टोकाकडे नेली गेली, ती याच कारणाने.

मग जुन्या रिममध्ये नवे हब का गुंफू नये? मागील जुन्या रिमला बहुधा ४० छिद्रे असतात, नव्या हबला ३२ किंवा ३६. सबंध चाक बदलावे, तर रॉड-ब्रेकचे रबर रिमच्या आतील अंगावर दाबले जाते. नव्या रिमची घडण त्यास सोयीची नसते.

विरारचा किनारी भाग सपाट असल्याने तेथे चढापेक्षा ओझ्याचा व वाऱ्याचा विचार अधिक. पुढे ४४ दाते असता मागील १८ दात्यांच्या जागी २२ दात्यांचे एकेरी फ्रीव्हील बसविल्यास पायडलवरील जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी लागतो; वेग त्याच प्रमाणात घटतो. साखळीत एखाद-दोन कड्या वाढवाव्या लागतील, परंतु आस, आरे व ब्रेक यांस धक्का लागत नाही. अनेक चक्रांचा संच हलक्या फेरफटक्यास चालेल. भारवाहू सायकलीस हा साधा बदलच हितावह होय.