विश्लेषण : गाडी धुण्याआधी मोड हवी! अमेरिकेतल्या कार वॉशवर सुटे देणारे यंत्र कसे निवडतात?

अमेरिकेत एमएस करायला गेलेल्या कुठल्याही मित्राला विचारा, पहिल्या महिन्यात सर्वाधिक शोधाशोध कशाची केली? बरेच जण सांगतील, ‘क्वार्टरची’. आपल्याकडे क्वार्टर म्हटल्यावर जे आठवते ते नव्हे. क्वार्टर म्हणजे २५ सेंटचे नाणे. अपार्टमेंटमधले कपडे धुण्याचे सामायिक मशीन अनेक ठिकाणी याच नाण्यावर चालते. आणि रस्त्याकडेचे सेल्फ-सर्व्हिस कार वॉशही. तिथे नोटेची मोड देणारा माणूस नसतो, ते काम भिंतीतले एक यंत्र करते. ते चुकीचे निवडले, तर सगळा धंदा शनिवारी दुपारी ठप्प होऊ शकतो. कसा, ते पाहू.

सेल्फ-सर्व्हिस कार वॉश म्हणजे काय?

दोन बाजूंना भिंती, वर छप्पर, पुढून-मागून मोकळा असा एक गाळा. त्याला तिथे ‘बे’ म्हणतात. गाडी आत घ्यायची, भिंतीवरच्या पेटीत नाणी टाकायची, की टायमर सुरू होतो आणि जोरदार फवाऱ्याची नळी तुमच्या हाती येते. साबण, फेस, साधे पाणी, वॅक्स यांपैकी काय हवे ते बटण फिरवून निवडायचे. वेळ संपली की पाणी बंद. गाडी फेसाने माखलेली असली तरी बंद. पुढे धुवायचे तर आणखी नाणी टाका. रेल्वे फलाटावरच्या वजनाच्या यंत्रात रुपया टाकून पुठ्ठ्याच्या तिकिटावर वजन आणि भविष्य वाचलेल्यांना हे गणित नवे नाही.

अशा ठिकाणी बहुतेक वेळा एकही कर्मचारी नसतो. ‘दादा, सुटे आहेत का?’ असे विचारायची सोय नाही. ग्राहकाच्या खिशात असते ती एटीएममधून काढलेली नोट, आणि तिथली एटीएम प्रामुख्याने २० डॉलरच्या नोटा देतात. म्हणून चेंज मशीन.

पेटीच्या आत काय असते?

मुख्य भाग तीन. पहिला बिल व्हॅलिडेटर (अमेरिकन इंग्रजीत नोटेला ‘बिल’ म्हणतात). तो नोट आत ओढतो, तिच्यावर दृश्य आणि अवरक्त प्रकाश टाकतो, शाईतले चुंबकीय गुण तपासतो आणि स्मृतीतल्या नमुन्याशी ताडून पाहतो. नोट पटली तर आत, नाही तर परत. दुसरा हॉपर, म्हणजे नाण्यांचे मोठे भांडे. त्याच्या तळाशी फिरणारी तबकडी एकेक नाणे उचलून बाहेर टाकते आणि तोंडाशी असलेला सेन्सर ते मोजतो. तिसरा भाग या दोघांमध्ये हिशेब ठेवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवतात. इथे त्याचीच धाकटी आवृत्ती लागू पडते. यंत्रात सकाळी १,००० डॉलरची नाणी भरली, तर रात्री नाणी आणि नोटा मिळून १,००० डॉलरच भरायला हवेत. कमी भरले तर खोटी नोट आत गेली आहे, किंवा हॉपरने जादा नाणी टाकली आहेत. जास्त भरले तर कुणाची तरी नोट गिळून पूर्ण नाणी दिलेली नाहीत. मालकासाठी हा हिशेब रोज करणे हीच सर्वांत स्वस्त देखरेख.

वीस डॉलरची गोची

यंत्र निवडताना खरी डोकेदुखी इथे आहे. एक क्वार्टर ५.६७ ग्रॅमचा. २० डॉलरची मोड म्हणजे ८० क्वार्टर, वजन सुमारे ४५४ ग्रॅम. जवळजवळ अर्धा किलो नाणी एका ओंजळीत! ग्राहक वैतागतोच, पण मालकाचे गणितही बिघडते. १,००० डॉलरचे क्वार्टर म्हणजे ४,००० नाणी, वजन साधारण पावणेतेवीस किलो. हॉपरमध्ये तेवढी नाणी असतील, तर २० डॉलरच्या फक्त ५० नोटा आल्या की भांडे रिकामे. उन्हाच्या शनिवारी ५० ग्राहक ही काही मोठी गोष्ट नाही.

यावर वाटा तीन. २० ची नोट यंत्राला स्वीकारूच द्यायची नाही, हा सोपा उपाय. पण मग एटीएममधून थेट आलेला ग्राहक परत जातो. दुसरी वाट, २० च्या नोटेवर काही ५ डॉलरच्या नोटा आणि उरलेली नाणी देणारे यंत्र घ्यायचे. त्यात नोटा देणारा वेगळा भाग येतो. हलणारे भाग वाढले की बिघाडही वाढणार आणि किंमतही. तिसरी वाट म्हणजे बेमधल्या पेटीवरच नोट घेणारा व्हॅलिडेटर लावायचा. पण तिथे पाण्याचे फवारे, साबण आणि ओल्या हातातल्या ओल्या नोटा. व्हॅलिडेटरला सर्वांत जास्त अडवते ती भिजलेली, चुरगळलेली नोट. त्यामुळे नोटेचे काम कोरड्या जागी, एकाच यंत्रावर ठेवणे मला तरी अधिक शहाणपणाचे वाटते.

एक हॉपर की दोन?

दोन. इथे काटकसर नको. नाणे तिरके अडकणे, वाकलेले नाणे तबकडीत फसणे हे कधी ना कधी होतेच. एकच हॉपर असेल तर तेवढ्यावर यंत्र बंद, आणि यंत्र बंद म्हणजे रोखीवर आलेल्या ग्राहकांसाठी सगळे बे बंद. दोन हॉपर असतील तर पहिला अडकताच बोर्ड दुसऱ्याकडे वळतो. मालकाला सोमवारी सकाळी येऊन दुरुस्ती करता येते.

विकणाऱ्याला विचारायचा आणखी एक प्रश्न : नाणी संपत आली की यंत्र काय करते? चांगले यंत्र नोट घेणेच थांबवते आणि ‘बंद’चा दिवा लावते. वाईट यंत्र नोट घेते, अर्धी नाणी देते आणि गप्प बसते. मग तिथे चिकटवलेल्या क्रमांकावर फोन येतात. किमतीची तुलना याच्यानंतर.

चोर समोरून येतो, पैसे मागून भरा

रात्री निर्मनुष्य असलेल्या जागी रोख रकमेची पेटी म्हणजे चोराला आमंत्रणच. पहार लावून दार उचकटणे, ड्रिलने कुलूप फोडणे, पेटीला साखळी बांधून ट्रकने ओढणे असे सगळे प्रकार होतात. म्हणून दोन रचना बाजारात आहेत. एकात दार समोरून उघडते. ते स्वस्त आणि बसवायला सोपे. दुसऱ्यात यंत्र भिंतीत बसवतात, समोर फक्त नोटेची फट आणि नाण्यांची वाटी दिसते, आणि भरणे-काढणे मागच्या कुलूपबंद खोलीतून होते. समोरून उचकटायला दारच नाही. पैसे काढताना मालक उघड्यावर उभा नसतो, हा फायदा जाहिरातीत फारसा सांगत नाहीत, पण तो मोठा आहे.

सगळे चोर पहार घेऊन येत नाहीत. नोटेला चिकटपट्टीचे शेपूट लावून ती आत सरकवायची आणि नाणी पडू लागली की अलगद ओढून घ्यायची, ही जुनी युक्ती. आताचे व्हॅलिडेटर नोट उलटी सरकली की ओळखतात. जुने, वापरलेले यंत्र स्वस्तात मिळते आहे म्हणून घेणाऱ्याने ही गोष्ट आधी तपासावी.

नाणी गावाला जातात तेव्हा

कार वॉशचे क्वार्टर खरे तर गोल फिरत असतात. यंत्रातून ग्राहकाकडे, ग्राहकाकडून बेच्या पेटीत, तिथून पुन्हा यंत्रात. बँकेतून नवी नाणी आणायची वेळ येते ती गळतीमुळे. शेजारच्या इमारतीतले लोक कपडे धुवायला क्वार्टर हवेत म्हणून येतात, नोट घालतात, मूठभर नाणी घेऊन निघून जातात. आपला एमएसवाला मित्रही त्यांतलाच!

२०२० मध्ये ही गळती जिव्हारी लागली. करोनामुळे दुकाने, बँकांच्या शाखा बंद पडल्या आणि नाण्यांचे फिरणे थांबले. नाणी देशात होती, पण घराघरांतल्या बरण्यांत आणि बंद गल्ल्यांत. फेडरल रिझर्व्हने १५ जूनपासून बँकांना नाण्यांचा कोटा ठरवून दिला. नाण्यांवर चालणारे धंदे अडचणीत आले.

यावरचा जुना तोडगा म्हणजे टोकन. यंत्र क्वार्टरऐवजी त्या कार वॉशचीच बिल्ले-नाणी देते. ती दुसरीकडे चालत नाहीत, त्यामुळे गळती थांबते. २० डॉलर घातले तर दोन टोकन जादा, असे आमिषही दाखवता येते. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र हा सौदा तितका सरळ नाही. उरलेली टोकन गाडीच्या कप्प्यात पडून राहतात, आणि त्यांचे पैसे मालकाकडे आधीच जमा झालेले असतात.

नवी नोट आली तर?

नोव्हेंबर २०१६ आठवा. नव्या ५०० आणि २,००० च्या नोटांचा आकार वेगळा होता, त्यामुळे देशभरातल्या एटीएमचे कप्पे बदलावे लागले. अमेरिकेत हा त्रास नाही. तिथे १ पासून १०० डॉलरपर्यंत सगळ्या नोटा एकाच मापाच्या, साधारण १५६ बाय ६६ मिलिमीटर. पण रूप बदलते. २० ची नोट २००३ मध्ये, १० ची २००६ मध्ये आणि ५ ची २००८ मध्ये बदलली. दर वेळी व्हॅलिडेटरच्या स्मृतीत नवा नमुना भरावा लागतो. तो जागेवर भरता येतो की भाग काढून कंपनीकडे पाठवावा लागतो, हे खरेदीआधी विचारून घ्यावे.

मग कार्डच का नको?

बेमध्ये कार्ड रीडर आता सर्रास दिसतात. पण कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर दुकानदाराला शुल्क पडते, आणि तीन-चार डॉलरच्या धुलाईत ते बोचते. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला एमडीआर शुल्क नाही, म्हणून चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड लटकतो. तशी सवलत तिथल्या कार्डाला नाही. त्यामुळे नवे कार वॉशही कार्ड आणि रोख दोन्ही ठेवतात.

नोट घ्या, नाणी द्या, हा प्रयोग भारतातही झाला. नाणी देणाऱ्या यंत्रांत लोक खोट्या नोटा घालत होते, असे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले. त्याच पतधोरणात १२ शहरांतल्या १९ ठिकाणी क्यूआर कोडवर चालणाऱ्या नाणी-यंत्रांचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर झाला. यात मोबाइलवरून कोड स्कॅन करायचा, खात्यातून यूपीआयने पैसे वळते होतात आणि हव्या त्या मूल्याची नाणी खाली पडतात. नोट घालायची फटच नाही. व्हॅलिडेटर गेला, हॉपर तेवढा उरला.