मेंदूच्या नकाशावर सरकारचा पैसा : आपल्या घराला काय उपयोग?

फालिजचा झटका आला की दादीची जीभ, ओठ, गळा सगळं जागेवर असतं, तरी शब्द फुटत नाही. असं का होतं?

चाळीसगावजवळ रूळ तुटला तर धुळ्याचं स्टेशन धड असूनही तिथे गाडी पोहोचत नाही. मेंदूचंही तसंच. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्या बारीक तंतूंनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. कुठली वाट तुटली, त्यावर बोलणं जाईल की हात लुळा पडेल, हे ठरतं. शास्त्रज्ञांना याच वाटांचा नकाशा हवा आहे.

पण तो काढायची साधनंच आधी बनवावी लागतात. त्यात लगेच नफा नाही, म्हणून सरकारला पैसा घालावा लागतो. अमेरिकेने २०१० मध्ये माणसाच्या मेंदूतल्या जोडण्यांच्या प्रकल्पाला सुमारे ४ कोटी डॉलर दिले. त्यात खास एमआरआय वापरला गेला. मेंदूतलं पाणी तंतूंच्या दिशेने जास्त सरकतं, त्यावरून वाटा ओळखतात. २०२३ मध्ये याहून बारीक नकाशाच्या साधनांसाठी १५ कोटी डॉलर जाहीर झाले. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा आला. त्यात १,३९,२५५ पेशी आहेत. माणसाचा नकाशा अजून किती लांब आहे, ते यावरून समजावं.

आपल्याकडे केंद्र सरकारने मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभारलं. आयआयटी मद्रासने २०२४ मध्ये गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा पेशींपर्यंतचा नकाशा 'धरणी' नावाने सर्वांसाठी खुला केला. या कामात डॉक्टरांइतकेच कम्प्युटर आणि गणितवालेही लागतात. जळगाव-धुळ्याच्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावं.

नकाशा पूर्ण व्हायला वर्षं लागतील. झटका मात्र थांबत नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की आधी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून डॉक्टरांनी ठरवल्यावर. मालिश आणि झाडफूंक यात हे तास घालवू नका. दुआ जरूर करा, पण दवाखान्याच्या वाटेवर.