आहारातील वसाम्ले आणि लसीका पेशींची वाढ

स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ शरीराचे इंधन, ही समजूत जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याच्या १९२९-३० मधील प्रयोगांनी मागे पडली. वसाविरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटली. लिनोलेइक अम्ल देताच ती पूर्ववत् होऊ लागली. प्रतिरक्षेच्या इंद्रियांच्या, म्हणजे थायमस, प्लीहा व लसीका ग्रंथी यांच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व विशेष आहे. प्रतिजनाशी गाठ पडताच प्लीहेतील व लसीका ग्रंथींतील पेशी वेगाने विभागू लागतात. प्रत्येक विभाजनासाठी नवे पटल लागते, आणि त्या पटलातील वसाम्ले बऱ्याच अंशी आहारावर अवलंबून असतात.

करडईच्या तेलात विपुल असलेल्या लिनोलेइक अम्लापासून शरीरात २० कार्बन व ४ द्विबंध असलेले ॲराकिडोनिक अम्ल तयार होते. त्यापासून निघणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे टी-लसीका पेशींतील इंटरल्यूकिन-२ ची निर्मिती कमी करून त्यांच्या विभाजनास आळा घालते. माशांच्या तेलातील ५ द्विबंधांचे आयकोसापेंटेनोइक अम्ल पटलात ॲराकिडोनिक अम्लाची जागा घेते आणि हे प्रोस्टाग्लँडिन घटते. आळा सुटला म्हणजे विभाजन वाढावे, असे तर्काने वाटते. परंतु मत्स्यतेल भरपूर दिलेल्या उंदरांच्या प्लीहेतील लसीका पेशींचे विभाजन बहुधा मंदावलेलेच आढळते. तेव्हा प्रोस्टाग्लँडिन हे एकमेव कारण नव्हे. ग्राहींकडून येणारे संदेश पटलाच्या ज्या विशिष्ट भागांत एकवटतात, त्यांची रचनाही वसाम्लांमुळे बदलते, हे दुसरे कारण होय.

मापनपद्धतीचाही येथे विचार केला पाहिजे. पेशींना कॉनकॅनाव्हॅलिन-ए ने उद्दीपित करून किरणोत्सारी थायमिडीन डीएनएमध्ये किती शिरले, हे मोजण्याची रीत रूढ आहे. पण संवर्धन-द्रवात वासराच्या गर्भाचे रक्तद्रव घातल्यास त्यातील वसाम्ले पटलात शिरतात आणि आहाराने घडविलेला फरक पुसट होतो. त्याच प्राण्याचे रक्तद्रव वापरल्यास तो अधिक टिकतो. म्हणून तेलाचा प्रकार, त्याचे प्रमाण, प्राण्याची जात व वापरलेले रक्तद्रव या चारही गोष्टी नमूद नसतील, तर दोन प्रयोगांची तुलना फोल ठरते.

शेवटी, विभाजन घटणे म्हणजे प्रतिकारशक्ती खालावणे, असे समीकरण मांडता येत नाही. दाह अनावर झाला असता ही घट हितावह ठरू शकते. संसर्गाशी झुंज चालू असता तीच घातक ठरण्याचा संभव असतो.